दही लागेना झालं तेव्हा

चक्क्याच्या कारखान्यात शिरलं की तो आधी कानाला कळायचा, मग डोळ्यांना. पत्र्याखालच्या आडव्या बल्ल्यांना पंचवीस-तीस फडकी टांगलेली असायची, प्रत्येकात दह्याचा गोळा, आणि खाली मांडलेल्या गंजांत, मोठ्या पातेल्यांत, त्यांचं पाणी थेंबाथेंबानं पडत राहायचं. नुकत्याच बांधलेल्या फडक्याची टपटप घाईची, सकाळपासून लटकलेल्याची सावकाश. काम करणाऱ्या बायकांना या आवाजाची इतकी सवय झालेली असायची की त्या बोलायच्याही त्याच्याच लयीत, दोन थेंबांच्या मध्ये. आईला तर बाहेरूनच, न बघता कळायचं. "ते कोपऱ्यातलं सोड आता," ती म्हणायची, "त्यातलं पानी सरलं." आणि खरंच, त्या फडक्यातला चक्का मुठीत धरला तर बोटांचे ठसे उमटतील असा घट्ट झालेला असायचा.

कारखाना म्हणायची पद्धत होती, एवढंच. वलगावात इंदूकाकूंच्या घरामागे एक लांबट पत्र्याची शेड, तिच्यात दूध तापवायच्या दोन भट्ट्या, विरजलेलं दूध ठेवायची अंधारी खोली आणि मागे फडकी धुवायचं सिमेंटचं टाकं. काकूंचे यजमान लवकर गेले. त्यानंतर त्यांनी दोन म्हशींपासून हा व्याप वाढवला होता. लग्नसराईत अमरावतीचे आचारी श्रीखंडासाठी चक्का त्यांच्याकडूनच नेत. काकू कमी बोलायच्या, पण बोलल्या की खरं बोलायच्या, अशी त्यांची ख्याती. त्यांचे दीर नानाजी दिवसभर शेडच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून बसत. ते काम काही करत नसत. फक्त कोण आत जातं आणि कोण बाहेर येतं ते बघत.

माझी आई, सुभद्रा, तिथे पाच वर्षं अंगण झाडत होती आणि दुधाच्या कॅन घासत होती. अंगण आणि कॅन दोन्ही शेडच्या बाहेर. आम्ही बौद्ध. गावात तोंडावर कुणी काही म्हणत नसे, चहाही मिळायचा, पण आईचं काम पाच वर्षांत दाराच्या आत आलं नव्हतं. त्या वर्षी उन्हाळा लागला आणि फडकी धुणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. ऐन लग्नसराई. काकूंनी एका सकाळी आईला बोलावलं आणि म्हणाल्या, "सुभद्रा, आजपासून फडके धुवाचं तू पाह्य." नानाजींनी खुर्चीतून मान वर केली. आईनं हे मला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती आणि तिचा हात नेहमीपेक्षा जोरात पडत होता. बाबा अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ते ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, "फडके म्हनजे दह्याले लागतात तेच ना?" आई म्हणाली, "तेच." बाबांनी पान उलटलं. पण त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आमच्या घराला तेव्हापासून एक आंबूस वास लागला. आईच्या पदराला, केसांना, ती उठून गेलेल्या जागेलासुद्धा. गंजात साचलेलं चक्क्याचं पाणी काकू फेकून द्यायच्या, ते आई डब्यात घरी आणायची. त्याची ती कढी करायची. हिरवी मिरची, लसूण, कढीपत्ता, आणि वरून तेलात लाल केलेली सुकी मिरची. ज्वारीची गरम भाकरी त्यात कुस्करून आम्ही खायचो. मी अकोल्याच्या कॉलेजात दुग्धशास्त्र शिकत होते. होस्टेलवरून शनिवारी मूर्तिजापूर मार्गे एसटीनं घरी यायचे. वलगावला उतरून घराच्या गल्लीत वळलं की त्या कढीच्या फोडणीचा ठसका यायचा. पुढे चांगल्या ठिकाणी जेवले, पण तशी कढी कुठे मिळाली नाही, आणि आज मी स्वतः केली तरी ती तशी होत नाही.

आता विरजणाबद्दल सांगायला हवं. काकूंकडे पूर्वी घरचंच विरजण होतं, रोजच्या दह्यातलं वाटीभर उद्यासाठी बाजूला काढायचं. पण आचाऱ्यांची तक्रार असायची की एक दिवस चक्का आंबट, एक दिवस गोड. म्हणून काकूंनी कुणाच्या तरी ओळखीनं एका डेअरीतून बाटलीतलं शुद्ध विरजण आणलं होतं. त्यात एकाच जातीचे जिवाणू. दही रोज अगदी सारखं, रोज त्याच वेळेत. काकू त्या बाटलीवर फार खूश होत्या. मीही खूश होते, कारण पुस्तकात जे वाचत होते ते माझ्या गावात घडत होतं.

आईनं फडकी हातात घेतल्याला महिना झाला असेल. एका सकाळी चार गंजांतलं दही लागलं नाही. दूध नासलेलं नव्हतं आणि दहीही झालेलं नव्हतं. निळसर, पातळ, वास जवळजवळ नसलेलं काहीतरी त्यात उभं होतं. बोट बुडवलं तर ओघळून जायचं. काकूंना वाटलं खोली फार तापली असेल. दुसऱ्या दिवशी नऊ गंज गेले. काकूंनी दूधवाला बदलला. तिसऱ्या दिवशी बायकांनी अर्धवट लागलेलं दही फडक्यात बांधून टांगलं आणि त्या दिवशी शेडमध्ये टपटप ऐकूच आली नाही. फडक्यांतून धार लागली. सगळीकडून एकदम, नळ सोडल्यासारखी, आणि थोड्या वेळानं फडकी रिकामी लोंबत राहिली. बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. आई मला म्हणाली, "सुजे, मले तो आवाज आयकवला नाई. रगत वाह्यल्यावानी वाटे."

त्या शनिवारी मी घरी आले तेव्हा शेडच्या दाराला लिंबू-मिरच्या टांगलेल्या होत्या आणि चौकटीला काळा दोरा. आईला कुणी काही म्हटलं नव्हतं. मला ते जास्त भीतीचं वाटलं. आदल्या आठवड्यापर्यंत कामावरच्या बायका तिच्याशी हसायच्या. आता ती टाक्याकडे गेली की बोलणं थांबायचं. तिचा चहा कुणीतरी ओट्याच्या टोकाला ठेवून निघून जायचं. आमच्या शेजारची एक बाई त्याच शेडमध्ये दूध ढवळायला होती. ती त्या दिवशी मीठ मागायच्या निमित्तानं आली, आमच्या चुलीशेजारचं दह्याचं भांडं उघडून बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या घरचं मस्त लागलं वं." तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. ती गेल्यावर आईनं ते भांडं झाकून आत सरकवलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, काकूच्या तिथं दही लागत नाही आणि सुभद्राच्या घरी लागते. आमचं दही लागत होतं, कारण आमचं विरजण साधं घरगुती होतं, त्यात दहा जातींचे जिवाणू. एक मेला तर दुसरा काम करतो. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या बाईला कोण सांगणार होतं?

सोमवारी मी दोन बाटल्यांत नमुने घेऊन अकोल्याला गेले. एकीत न लागलेलं दूध, दुसरीत फडक्यातून गळालेलं पाणी. आमचे इंगळे सर शांत माणूस होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. त्यांना मी सांगितलं की गावातल्या एका कारखान्याचा प्रश्न आहे. त्यांना पहिला संशय औषधाचा आला. म्हशीच्या कासेच्या आजाराला औषध दिलं की ते दुधात उतरतं आणि विरजण मारतं. म्हणून त्यांनी मला एक साधी गोष्ट करायला लावली. चांगल्या दुधात ताजं विरजण घालायचं आणि वर त्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. दही लागलं नाही. मग त्या न लागलेल्या दुधातला एक थेंब पुढच्या चांगल्या दुधात. तेही लागलं नाही. त्यातला एक थेंब पुढच्यात. असं सहा वेळा. सहाव्या भांड्यापर्यंत पहिल्या थेंबातलं काही म्हणून उरलेलं नसणार, आणि तरी दूध तसंच निळसर उभं.

"औषध असतं तर पातळ होत होत संपलं असतं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे संपत नाही, सुजाता. हे वाढतंय."

मग त्यांनी तेच पाणी खळखळ उकळून, गार करून टाकायला सांगितलं. दही लागलं. तेव्हा त्यांनी मला बसवून समजावलं. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात. फेज म्हणतात त्यांना. माणसाला, जनावराला काही करत नाहीत, कढीतून पोटात गेले तरी काही नाही. पण आपल्या जातीचा जिवाणू सापडला की त्याच्या आत शिरतात, आत स्वतःसारखे शेकडो तयार करतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. मग ते शेकडो पुढच्या शेकड्यांकडे. रोज एकच विरजण, रोज तेच पाणी सांडलेलं, म्हणजे त्यांना रोज पंगत. मी वहीत लिहून घेत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती शेड होती. तिची जमीन, भिंती, बल्ल्या, सगळं त्या पाण्यानं ओलं असलेलं.

"पसरतं कशातून?" मी विचारलं.

"पाण्यातून. शिंतोड्यांतून हवेत. पण मुख्य म्हणजे कापडातून. फडकी कशी धुतात?"

"थंड पाण्यानं. साबणानं चक्क्याला वास लागतो म्हणून साबण नाही."

"मग झालं तर. त्यांनी फडक्यांतच घर केलंय. ती तासभर उकळायला सांग. कोण धुतं ती?"

मी म्हणाले, "एक बाई आहेत."

सर पुढच्या कामाला लागले. मी वही मिटली. ते तीन शब्द मी किती सहज बोलले, हे मला एसटीत बसल्यावर कळलं. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं, बाहेर उन्हात काळी रानं भेगाळलेली होती, आणि मी मनातल्या मनात ते वाक्य बदलून बघत होते.

शेडमध्ये त्या दुपारी सगळे जमले होते. काकू, नानाजी, कामाच्या बायका. मी सरांनी दिलेली नव्या विरजणाची बाटली दाखवली, विषाणूंचं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. जुनं विरजण फेका, गंज उकळत्या पाण्यानं धुवा, जमिनीला आणि भिंतींना चुना लावा, असं मी सांगत गेले. मग नानाजींनी विचारलं, "हे सारं ठीक. पन थे पसरते कशानं?"

मागच्या दारातून टाकं दिसत होतं. आई तिथे वाकलेली होती, तिच्या हातात पिळलेलं फडकं होतं आणि ती थांबून आमच्याकडे बघत होती. मी फडकं म्हटलं असतं तर सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या असत्या. पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता.

"हवेतून," मी म्हणाले.

मी सांगितलं ते सगळं काकूंनी केलं. उकळतं पाणी, चुना, नवं विरजण. या धांदलीत फडकी नवीच आणली, जुन्यांचा ढीग कोपऱ्यात टाकला. आणि आईला म्हणाल्या, "चार दिस घरी राय सुभद्रा, आराम कर." नानाजींनी त्यांना हे सांगायला लावलं होतं, हे नंतर कळलं. ते चार दिवस दही उत्तम लागलं. पाचव्या दिवशी आई कामावर गेली, तिनं कोपऱ्यातली जुनी फडकी धुऊन वापरात घेतली, आणि सहाव्या दिवशी एकाही गंजात दही लागलं नाही.

मला हे होस्टेलच्या फाटकाशी कळलं. बाबा आले होते. ते अकोल्याला कधी येत नसत. कडुनिंबाखाली उकिडवे बसले होते, मांडीवर भाकरीचं फडकं. मी जवळ गेले तशी ते म्हणाले, "खाऊन घे आदी." मी खाल्लं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. नानाजी खुर्चीवरून उठले होते. भर शेडमध्ये, सगळ्यांसमोर म्हणाले होते की ही नव्हती तं दही लागलं, ही आली अन् गेलं, आता आनखी काय पाह्याचं राह्यलं? काकू तिथेच होत्या. काकू काही बोलल्या नाहीत.

"आई काय म्हणाली?"

"काईच नाई. घरी आली अन् डोक्यावरून आंघोळ केली. मंग बसून राह्यली." बाबा जमिनीकडे बघत होते. "तुह्या सरानं काही आनखी सांगतलं होतं का वं? तिनं इचारायले सांगतलं."

मी घरी पोचले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि फडक्यांचं सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, न थांबता. तिचा हात सुपात थांबला.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"तुझं नाव घेतलं असतं त्यांनी."

"आता नाई घेतलं?"

ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चाल."

दुपारचं ऊन होतं. ती माझ्यापुढे चालत होती, नेहमीपेक्षा हळू. शेडमध्ये बायका रिकामे गंज उपडे घालून बसल्या होत्या आणि पत्रा तापून कडकड वाजत होता, दुसरा आवाज नाही. आई दारात न थांबता सरळ आत गेली. नानाजी उठून उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातून फडक्यांचा ढीग उचलला आणि काकूंच्या पायाशी ठेवला.

"काकू, रोग याच्यात हाय. माह्या लेकीले ठाऊक होतं, तिनं सांगतलं नाई, तो तिचा गुन्हा. फडके मीच धुतले. थंड्या पान्यानं, बिना साबनाचे, जसे तुमी सांगतले तसे. पैल्या बाईनंबी तसेच धुतले असतील. आता हे उकळा. घंटाभर. कोनाच्याबी हातानं उकळा, तुमच्या हातानं उकळा. माहा हात लागू देऊ नका."

"अन् मंग नाई लागलं तं?" नानाजी म्हणाले.

"नाई लागलं तं मी या दारात पुन्हा येनार नाई," आई म्हणाली. मग ती पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. "अन् लागलं तरीबी येनार नाई."

काकूंनी स्वतः फडकी उकळली. सगळं पुन्हा धुतलं, सरांकडून मी पुन्हा विरजण आणून दिलं. दही लागलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवडाभर लागत राहिलं. मग काकू आमच्या घरी आल्या, एकट्या, पायी. पाच वर्षांत पहिल्यांदा. आईनं त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी ते सगळं प्यायलं आणि रिकामा गिलास दोन्ही हातांत धरून ठेवला.

"मी बोलाले पाह्यजे होतं त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

"हाव," आई म्हणाली. "पाह्यजे होतं."

"येतं का उद्यापासून?"

आईनं नाही म्हटलं. रागानं नाही, काकूंना वाईट वाटेल असंही नाही. काकू गिलास खाली ठेवून उठून गेल्या. पुढे आई अमरावतीला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली. तिथे ती भाकरी करायची, आत, चुलीपाशी. काकूंचा कारखाना चालू राहिला. पण तो रोग कायमचा गेला नाही. दर उन्हाळ्यात केव्हातरी एखाद्या गंजातलं दही लागायचं नाही आणि मग आठवडाभर सगळे घाबरून राहायचे. दोन वर्षांनी त्यांनी घरच्या विरजणाकडे परत जाऊन आचाऱ्यांची बोलणी खाल्ली.

मी पुढे अकोल्यातच एका डेअरीच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. कामावर आलं की पहिलं काम हेच, कालच्या पाण्याचा थेंब चांगल्या दुधात टाकायचा आणि वाट बघायची. लोकांना वाटतं की सगळं धुतलं, उकळलं की फेज संपला. तो संपत नाही. दही उत्तम लागत असतं तेव्हाही तो कुठेतरी थोडा असतो. भिंतीच्या सांध्यात, नाल्यात, वाळलेल्या कापडाच्या घडीत. महिनोन्‌महिने काही न करता पडून राहतो. नव्या मुलींना मी हे शिकवायचे तेव्हा त्या वहीत लिहून घ्यायच्या, जशी मी घेतली होती.

आई आता माझ्याकडेच असते. ऐंशी कधीच ओलांडली, डोळ्यांना कमी दिसतं, पण दूध विरजायचं काम ती कुणाला देत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती करंगळीनं दुधाची ऊब पाहत होती, मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. कुठल्याही विषयाशिवाय तिनं विचारलं, "सुजे, त्या दिवशी हवेतून म्हनली होतीस. तुले भेव वाटलं होतं का लाज?"

चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की भीती. आईसाठी वाटलेली भीती. ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या आधी अकोल्याच्या प्रयोगशाळेत, जिथे नानाजी नव्हते, काकू नव्हत्या, एक भला माणूस फक्त विचारत होता, तिथे मी काय म्हणाले होते ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं. सरांचा प्रश्न, आणि माझे तीन शब्द, एक बाई आहेत.

"म्हणजे लाज," मी म्हणाले. "आधी लाज."

आईनं मान हलवली. विरजणाचा चमचा दुधात फिरवला, भांड्यावर झाकण ठेवलं आणि हात पुसायला माझ्याकडे फडकं मागितलं.